डुक्कर कधीच न खाल्लेल्या माणसाला डुकराच्या जंताची फिट कशी येते?

(आखातातल्या एका लेबर कॅम्पच्या मेसमध्ये शुक्रवारी दुपारी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

मागं उभे असलेले पुढं या, इथं बाकडी रिकामी आहेत. जेवणाला अजून वेळ आहे, तोवर माझं बोलून होईल.

आधी एक सांगतो, मी डॉक्टर नाही. मी लॅब टेक्निशियन आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त, लघवी आणि संडास मायक्रोस्कोपखाली बघत आलोय, त्यातली चौदा इकडे आखातात. त्यामुळं आज मी जे बोलणार आहे ते थोडं घाण वाटेल. पण जेवणाआधी बोलायचं मी मुद्दाम ठरवलं, कारण ही गोष्ट जेवणाचीच आहे.

विषय आहे फिट. कुणी मिरगी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी आकडी. डॉक्टर अपस्मार म्हणतात. माणूस उभ्याउभ्या पडतो, हातपाय झटके मारतात, तोंडाला फेस येतो, कधी कपड्यातच लघवी होते, आणि पाच-दहा मिनिटांनी तो उठून विचारतो, 'काय झालं रे?' तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी हे आपल्या गावात पाहिलेलं आहे. काहींनी इथं, शेजारच्या बेडवर पाहिलंय. आणि एखाद्याला स्वतःलाच येत असेल, तर तो आत्ता मान खाली घालून बसला असेल. त्यानं वर बघायची गरज नाही. फक्त ऐकावं.

जगात अपस्माराचे सुमारे ५ कोटी रुग्ण आहेत आणि त्यातले ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. आपल्याच देशांत एवढी फिट का, त्याची कारणं पुष्कळ आहेत. डोक्याला मार, बाळंतपणात बाळ गुदमरणं, मेंदूज्वर. पण एक कारण असं आहे की ज्याचं नाव घेतलं की लोक तोंड वाकडं करतात, आणि ते म्हणजे डुकराचा पट्टकृमी. साध्या भाषेत टेपवर्म. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिथं हा जंत रुजलेला आहे, तिथं अपस्माराच्या साधारण ३० टक्के केसेस त्याच्यामुळं असतात. तमिळनाडूत वेल्लोर जिल्ह्यात डॉक्टरांनी गावोगाव फिरून फिटचे रुग्ण शोधले आणि त्यांचं स्कॅनिंग केलं, तेव्हा तिथंही सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये हेच कारण निघालं.

आता बरेच जण मनात म्हणत असतील, 'मग आपला काय संबंध? आपण कुठं डुक्कर खातो?' थांबा जरा. सगळी गोम तिथंच आहे.

हा जंत दोन घरांत राहतो, एक डुकरात आणि एक माणसात. डुकराच्या मांसात त्याची लहान पिल्लं असतात, पाण्यानं भरलेल्या पांढुरक्या पुटकुळ्यांच्या रूपात. भिजवलेला साबुदाणा बघा, त्याच्यापेक्षा थोडी मोठी. ते मांस कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं माणसानं खाल्लं, की पिल्लू आतड्याला चिकटतं आणि मोठं होतं. किती मोठं? दोन-तीन मीटर, कधी त्याहून जास्त. पण माणसाला बहुतेक वेळा कळतही नाही! पोट थोडं दुखतं, गॅस होतो, एवढंच. जंत आतड्यात वर्षानुवर्षं राहतो आणि शेपटीकडचे चपटे पांढरे तुकडे एकेक करून संडासातून बाहेर जातात. एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात, ५०,००० पर्यंत.

इथपर्यंत मेंदूचा काही संबंध नाही, हे ध्यानात घ्या. डुकराचं मांस खाल्ल्यानं पोटात जंत होतो. मेंदूत गाठ होत नाही.

मेंदूची गोष्ट त्या अंड्यांपासून सुरू होते. ज्याच्या पोटात जंत आहे तो माणूस उघड्यावर बसला, किंवा संडासातून आला आणि साबणानं हात न धुता पीठ मळायला, कांदा-काकडी कापायला बसला. अंडं कसं असतं, ते मी बघितलंय. एका मिलिमीटरचा साधारण तिसावा भाग. नखात शंभर असली तरी डोळ्याला एक दिसायचं नाही. ती अंडी दुसऱ्या माणसाच्या तोंडात गेली की पोटात फुटतात, आतून सूक्ष्म पिल्लू निघतं, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतं आणि रक्ताबरोबर फिरत कुठंही जाऊन बसतं. दंडात बसलं तर गाठ येते. डोळ्यात बसलं तर नजरेवर येतं. आणि मेंदूत बसलं तर फिट.

म्हणजे मेंदूतला हा आजार डुकराच्या मटणातून येत नाही. तो माणसाच्या संडासातून येतो. दुसऱ्याच्या, आणि कधी स्वतःच्याही, कारण ज्याच्या पोटात जंत आहे तो स्वतःच्याच हातानं स्वतःला अंडी खाऊ घालू शकतो. म्हणून यात माळकरीही सापडतो, जैनही सापडतो आणि मुसलमानही सापडतो.

आणि डुकराला तरी हा रोग कुठून होतो? माणसाची विष्ठा खाऊन. बिचाऱ्याला माणूसच देतो. आपल्याकडं गावाच्या कडेला डुकरं पाळणारी माणसं आहेत, कैकाडी आहेत, वडार आहेत. त्यांनाच गावानं कडेला ढकललं आणि वर 'यांच्यामुळं रोगराई' म्हणून बोट दाखवलं. मी म्हणतो, गावात प्रत्येकाला बंद संडास असता, तर त्या डुकराच्या तोंडी विष्ठा गेलीच नसती. ज्याच्या घरात डुक्कर आहे त्याच्यापेक्षा ज्या ग्रामपंचायतीनं संडास कागदावरच बांधला, ती जास्त जबाबदार.

कोबीचंही सांगून टाकतो, कारण दर भाषणात कुणीतरी विचारतंच. 'कोबीतला किडा मेंदूत जातो' असं आपल्या घराघरात म्हणतात. बऱ्याच आयाबायांनी कोबी आणणंच सोडून दिलं. कोबीत जी हिरवी अळी दिसते ती फुलपाखराची किंवा पतंगाची अळी, तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही. शेताला गटाराचं पाणी दिलं असेल, किंवा शेतात कुणी बसत असेल, तर जंताची अंडी कोबीच्या पानांत अडकू शकतात. तशीच ती कोथिंबिरीला, मेथीला, गाजर-मुळ्यालाही चिकटू शकतात. शिजवली की मरतात. म्हणून शिजवलेली कोबीची भाजी बिनधास्त खा. भीती आहे ती न धुतलेल्या कच्च्या पाल्याची, आणि त्याहून जास्त न धुतलेल्या हातांची.

हे सगळं माणसाला कळलं कसं, त्याचीही एक गोष्ट आहे आणि ती आपल्यासारख्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. १८५५ साली जर्मनीत क्युखेनमायस्टर नावाच्या डॉक्टरनं फाशीच्या एका कैद्याला त्याच्या नकळत जेवणातून ही डुकरातली पिल्लं खाऊ घातली. फाशी झाल्यावर त्याचं पोट फाडून पाहिलं, तर आतड्यात लहान लहान पट्टकृमी वाढत होते. असं सिद्ध झालं. शास्त्र पुढं गेलं, त्या कैद्याला मात्र कुणी विचारलं नाही. त्या काळातही काही डॉक्टरांनी यावर नाराजी दाखवली होती. गरिबाच्या शरीरावर दुसऱ्याचं ज्ञान वाढतं, हे तेव्हापासूनचं आहे.

पुढं १९३० च्या दशकात लंडनच्या लष्करी इस्पितळात मॅकआर्थर नावाच्या अधिकारी डॉक्टरच्या लक्षात आलं की हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या गोऱ्या सोल्जरांना फिट येतायत. भरती होताना धडधाकट असलेली ही पोरं. त्यांच्यावर साधा अपस्मार, वेड, असले शिक्के बसत होते. मग त्यांच्या स्नायूंत आणि मेंदूत या जंताच्या पुटकुळ्या सापडू लागल्या. १९६१ साली अशा ४५० रुग्णांचा मोठा अहवाल निघाला. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसली, की अंडं पोटात जाणं आणि पहिली फिट येणं यात काही वर्षं जातात. कुणाला दोन-चार, कुणाला त्याहूनही पुष्कळ जास्त.

ही गोष्ट मी का सांगतोय? कारण ते सोल्जर म्हणजे तरी काय होते? घर सोडून परमुलखात नोकरीला गेलेले गरीब घरातले जवान. नोकरीत रोग घेतला आणि फिट आली घरी गेल्यावर. आपलं कधी उलटं होतं. अंडं गावात पोटात जातं आणि फिट येते इथं, परांचीवर.

माझ्या ओळखीतला एक मुलगा सांगतो. नाव नाही सांगणार. सोलापूरकडचा, माळकरी घरातला, अंडंसुद्धा न खाणारा. स्कॅफोल्डिंगचं काम. एका रात्री खोलीत झोपेत झटके आले. दहा जणांच्या खोलीत नऊ जण जागे झाले, कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल हुंगवली, एकानं तोंडात चमचा घातला आणि त्याचा दात तुटला. एक जण म्हणाला बाहेरचं काहीतरी आहे. सकाळी कॅम्प बॉसला कळलं. चार दिवसांत हिशोब, तिकीट आणि विमानतळ. स्कॅन नाही, औषध नाही, कागदसुद्धा नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशा कंपन्या एक-दोन नाहीत.

गावी गेला तर बायकोच्या माहेरच्यांनी वेगळीच कुजबुज सुरू केली. आई देवऋषीकडं घेऊन गेली. शेवटी मामानं पुढाकार घेऊन मेंदूचा स्कॅन करवला. त्यात एकच छोटी गाठ. आधी कुणी म्हणालं ट्यूमर, कुणी म्हणालं टीबी. घरात रडारड. मग न्यूरॉलॉजिस्टनं बघून सांगितलं, जंताची मरत चाललेली पुटकुळी आहे, औषधं घे, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. आठ महिन्यांनी गाठ नाहीशी. दोन वर्षांनी गोळ्या बंद. आज तो गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो. फिट पुन्हा आली नाही.

ही नशिबाची गोष्ट नाही. आपल्या भारतीय रुग्णांमध्ये मेंदूत अशी एकच पुटकुळी सापडणं फार नेहमीचं आहे. रिपोर्टवर 'रिंग एन्हान्सिंग लिजन' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते वाचून लगेच ट्यूमर समजून कर्ज काढू नका, शेत विकू नका. टीबीची गाठही तशीच दिसते, म्हणून डॉक्टर गाठीचा आकार, तिची कड, सूज बघून फरक करतात. बहुतेकांची एकटी गाठ काही महिन्यांत विरघळते. कुणाची मागं चुन्यासारखा ठिपका ठेवते, आणि त्यांना गोळ्या जास्त दिवस घ्याव्या लागतात. ज्यांच्या मेंदूत पुष्कळ गाठी असतात किंवा ज्यांच्या मेंदूतलं पाणी अडतं, त्यांचं दुखणं मोठं असतं, त्यांना दवाखान्यात राहावं लागतं, कधी ऑपरेशनही. पण फिट आली म्हणजे आयुष्य संपलं, हे खोटं आहे.

एक धोक्याची सूचना. हे ऐकून उद्या मेडिकलमधून जंताच्या गोळ्या आणून खाऊ नका. अल्बेंडाझोल, प्रॅझिक्वांटेल ही औषधं मेंदूतल्या जिवंत पुटकुळ्या मारतात, आणि मरताना त्या सुजतात. सूज आली की फिट वाढते, डोकं फुटेस्तोवर दुखतं. पुटकुळी डोळ्यात असेल तर नजर जाऊ शकते. म्हणून डॉक्टर आधी स्कॅन करतात, डोळे तपासतात, फिटची गोळी सुरू करतात, सूज उतरवायला स्टेरॉइड देतात आणि गरज असेल तरच जंताचं औषध देतात. पुटकुळी मरून गेली असेल तर ते औषध लागतच नाही.

आणि हेही खरं की इकडे फिट येण्याची दुसरी कारणं खूप आहेत. जुलैच्या उन्हात पाणी न पिता दहा तास काम, ऊन लागणं, साखर उतरणं, डोक्याला मार, लपूनछपून मिळणारी दारू आणि ती एकदम तुटणं. प्रत्येक फिट जंताचीच असं कुणी डोक्यात घेऊ नये. तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासणी मागणं हा तुमचा हक्क आहे.

आता इंडोनेशियातली एक गोष्ट, कारण ती ऐकल्यापासून मी रात्री खोलीतल्या शेगडीकडं वेगळ्या नजरेनं बघतो. न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागात, डोंगरातल्या पानियाई तलावांच्या आसपास एकारी नावाचे लोक राहतात. डुक्कर म्हणजे त्यांचं धन. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं त्यांना बाली बेटावरून डुकरं भेट दिली. त्यातली काही रोगी होती. पुढच्या काही वर्षांत तिथल्या दवाखान्यात भयंकर भाजलेली माणसं येऊ लागली. आधी कुणाला उमजेना. मग कळलं की थंडीसाठी झोपडीत रात्रभर शेकोटी पेटलेली असते, झोपेत फिट येते आणि माणूस आगीत लोळतो. रोग मेंदूत, पण दवाखान्यात आला तो भाजल्याची जखम होऊन. आपल्याकडं तो रोग 'पाय घसरून पडला' म्हणून अपघाताच्या रजिस्टरमध्ये जातो, एवढाच फरक.

म्हणून उंचीवर, क्रेनवर, फिरत्या मशीनवर, गाडीच्या स्टिअरिंगवर किंवा तळणाच्या मोठ्या कढईपाशी काम करणाऱ्याला फिट येऊन गेली असेल आणि त्यानं ती लपवली असेल, तर त्याच्याशी मी अगदी स्पष्ट बोलतो. मला ठाऊक आहे का लपवतोस. एजंटचं कर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे, कळलं तर घरी पाठवतील. ही भीती खोटी नाही, मी आत्ताच सोलापूरच्या मुलाचं सांगितलं. पण परांचीवर चढणं हा त्यावरचा उपाय नाही. आधी सरकारी दवाखान्यात किंवा विम्याच्या दवाखान्यात जा. डॉक्टरला खरं सांग. कागद हातात घे, त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरी पाठव. मग फोरमनला सांग की डॉक्टरनं काही महिने खालचं काम सांगितलंय. कागद असलेल्या माणसाला हाकलणं थोडं तरी अवघड जातं. कागद नसलेल्याला कुणीही विमानात बसवतं.

आजारपणाची रजा ही मेहेरबानी नाही, कायद्यात लिहिलेली आहे. सौदीत वर्षाला पहिले ३० दिवस पूर्ण पगार, पुढचे ६० दिवस तीन चतुर्थांश आणि मग ३० दिवस बिनपगारी, आणि ही रजा संपायच्या आत आजाराचं कारण देऊन काढता येत नाही. अमिरातीत प्रोबेशन संपल्यावर ९० दिवस, त्यातले १५ पूर्ण पगाराचे आणि ३० अर्ध्या. कतारमध्ये तीन महिने नोकरी झाल्यावर दोन आठवडे पूर्ण आणि चार आठवडे अर्धा. कुवेतमध्ये पहिले १५ दिवस पूर्ण, मग टप्प्याटप्प्यानं कमी. घरकामाला असलेल्या बायका-पुरुषांना हे कायदे बहुधा लागू नसतात, त्यांचे नियम वेगळे आहेत, आणि हा मोठा अन्याय आहे. कायदे बदलतात, म्हणून नेमकं काय चालू आहे ते दूतावासात विचारून घ्या. आणि ज्यांचा पासपोर्ट ईसीआर आहे त्यांनी निघताना प्रवासी भारतीय विमा काढलेला असतो, १० लाखांचा. मृत्यू आणि कायमचं अपंगत्व याशिवाय दवाखान्याचा खर्च आणि परतीचं तिकीट यांचीही तरतूद त्यात अटींसह आहे. ती पॉलिसी पेटीच्या तळाशी पडलेली असते. काढा आणि वाचा.

गोळ्यांबद्दल. फिटची गोळी म्हणजे डोकेदुखीची गोळी नव्हे, दुखलं की घेतली. बंद केली की फिट जोरात परत येते. रात्रपाळी बदलली तरी गोळीची वेळ सांभाळायची. सुट्टीवरून येताना औषध आणत असाल तर डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, शिक्क्यासह, आणि गोळ्या मूळ पाकिटातच. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम, फेनोबार्बिटोन ही फिटची नेहमीची औषधं इकडे नियंत्रित यादीत मोडतात, काही देशांत आधी ऑनलाइन परवानगी लागते. सुट्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आलेला माणूस विमानतळावर अडकतो, आणि आपण अमली पदार्थ आणले नाहीत हे त्याला अरबीत समजावून सांगता येत नाही.

खोलीत कुणाला फिट आली तर एवढंच करा. आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. झटके थांबत आले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ श्वासनलिकेत जाणार नाही. घड्याळ बघा. तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही, बोट तर अजिबात नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल, लोखंडाची किल्ली, काही उपयोग नाही, फिट आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं! पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एक संपून शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर ॲम्ब्युलन्स. अमिरातीत ९९८, सौदीत ९९७, कतारमध्ये ९९९, कुवेतमध्ये ११२, ओमानमध्ये ९९९९. पहिलीच फिट असेल तरीही दवाखान्यात न्यायचंच. आणि जमलं तर कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढा. चेष्टेसाठी नाही, डॉक्टरला दाखवायला. ग्रुपवर टाकणाऱ्याला मी माणूस म्हणणार नाही.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. १९९० आणि ९१ साली न्यूयॉर्कमध्ये कट्टर धार्मिक ज्यू कुटुंबांतल्या चार जणांना फिट आल्या आणि मेंदूत या जंताच्या गाठी निघाल्या. डुकराला शिवतही नाहीत अशी ही माणसं. शोध घेतला तर धागा पोचला लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मोलकरणींपर्यंत. त्यांच्यातल्या एकीच्या पोटात हा जंत सापडला. इकडे कुवेत, सौदी, कतारमधल्या डॉक्टरांनीही अशा केसेस नोंदवल्या आहेत, काही स्थानिक कुटुंबांतल्या आणि पुष्कळशा आपल्या भारत-नेपाळच्या कामगारांच्या. शास्त्रीयदृष्ट्या यात चूक काही नाही. पण बातमी खाली झिरपता झिरपता काय होते? 'हे परदेशी रोग घेऊन येतात.' मालक मोलकरणीकडं संशयानं बघतो. आणि आपणही कमी नाही. आपल्या मेसमध्ये फिट आली की आपण विचारतो आचारी कुठला, नेपाळी का, गोव्याचा का, कुठल्या जातीचा.

लॅबमधला माणूस म्हणून सांगतो, हा शोध फुकट आहे. पुटकुळी मेंदूत वर्षानुवर्षं गप्प बसते. आज फिट आलेल्या माणसाला अंडं कुणी दिलं, कुठं दिलं, कुठल्या सालात दिलं, बहुतेक वेळा देवालाही सांगता यायचं नाही. हॉटेल आणि मेसमध्ये काम करणाऱ्यांची इकडे शौचतपासणी होते, ती व्हावीच. पण एका नमुन्यात अंडी हमखास सापडतात असं नाही, कारण ती रोज बाहेर पडत नाहीत. आणि सापडली तरी मायक्रोस्कोपखाली डुकराच्या जंताची आणि गायी-म्हशीच्या मांसातल्या जंताची अंडी हुबेहूब सारखी दिसतात. ते दुसरं अंडं मेंदूत जात नाही. म्हणजे नुसत्या त्या कागदावर एखाद्या आचाऱ्याची रोजीरोटी जाऊ नये. पोटात जंत निघाला तर डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध द्या, पुन्हा तपासा आणि त्याला कामावर घ्या. जंत हा काही गुन्हा नव्हे. कुणाला संडासात चपटे पांढरे तुकडे दिसले तर लाजून गप्प बसू नका, एवढं करा. एका माणसाचा इलाज म्हणजे अख्ख्या खोलीचा बचाव.

विचारायचंच असेल तर आचाऱ्याला नका विचारू, कंपनीला विचारा. या कॅम्पमध्ये किती माणसांमागं किती संडास आहेत? दुपारी नळाला पाणी असतं का? साबण कोण ठेवतं? मी येताना बघून आलो. मेसच्या बाहेर सॅनिटायझरची बाटली लटकवलीय, करोनाच्या काळातली, रिकामी. भरलेली असती तरी जंताच्या अंड्यांपुढं तिच्यावर भिस्त ठेवायची नसते, ती अंडी साबण-पाण्यानं चोळून धुवून घालवावी लागतात. संडासाच्या बाजूला तीन बेसिन, त्यातल्या दोनांना तोट्या नाहीत. साबण एकाही ठिकाणी नाही. आचाऱ्यांसाठी वेगळा संडास नाही. जिथं साडेतीनशे माणसं सकाळी पाच ते सहाच्या दरम्यान बसकडं धावतात, तिथं 'हात धुवा' असं पोस्टर लावणं म्हणजे चेष्टा आहे.

गावाकडं काय करायचं तेही सांगतो, कारण तुम्ही पाठवलेल्या पैशातून घरं उठतात. आधी संडास, मग स्लॅब. डुक्कर खाणाऱ्यांनी खुशाल खावं, पण आतून गुलाबी राहता कामा नये, चांगलं शिजवावं. आणि डुकरांसाठीही आता लस आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये तिचा शोध लागला आणि ती बनते आपल्या हैदराबादला. लस आणि जंताचं औषध डुकराला देऊन नेपाळमध्ये चाचणी झाली आणि परिणाम चांगला आला. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात तुम्बेस नावाच्या भागात त्यांनी माणसांना औषध, डुकरांना औषध आणि लस असं एकत्र केलं, आणि शेवटच्या टप्प्यातल्या १०७ गावांपैकी जवळपास सगळ्या गावांत या जंताचा फैलाव थांबला. २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे होतं. करायचं ठरवलं तर होतं.

आणखी एक, ज्यांच्या घरात फिट येणारी मुलगी किंवा बहीण आहे त्यांच्यासाठी. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी वारंवार फिट येणं हे लग्न रद्द ठरवायला कारण होतं. १९९९ साली ते काढून टाकलं. सासरचे धमकी देत असतील तर हे त्यांना सांगा.

आता कामाचं. हा कागद फिरवतोय. त्यावर चारच मागण्या आहेत: बेसिनला तोट्या, रोज साबण, आचाऱ्यांना वेगळा संडास आणि दुपारी पाणी. सह्या सगळ्यांच्या हव्यात, नेपाळी, बंगाली, पाकिस्तानी, सगळ्या. एकट्यादुकट्यानं नेऊन देऊ नका, पाच-सहा जण मिळून द्या आणि पोचपावती घ्या. ती मिळाली नाही तर तारीख टाकून फोटो काढून ठेवा. मी पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी परत येतोय, तोवर काय झालं ते बघू.

ज्याला चारचौघांत विचारता येत नाही त्यानं जेवणानंतर बाहेरच्या नळाकडं या. मी तिथं आहे. नाव विचारणार नाही.